संशोधन-भांडार, विद्यापीठीय

विद्यापीठातील अध्यापकांचे व संशोधक विद्यार्थ्यांचे शोधनिबंध आणि प्रबंध एकत्र जतन करून जगातल्या कोणालाही ते विनामूल्य वाचू देणारा अंकीय संग्रह. ग्रंथपालांच्या बोलण्यात ‘रिपॉझिटरी’ किंवा नुसते ‘आय. आर.’ (इन्स्टिट्यूशनल रिपॉझिटरी). नियतकालिकातला लेख बहुधा प्रकाशकाच्या वर्गणीआड असतो. भांडारात असते ती त्याच लेखाची, लेखकाने स्वतः ठेवलेली प्रत.

या कल्पनेचे मूळ भौतिकशास्त्रज्ञांच्या सवयीत आहे. छापून येण्याआधीच निबंध एकमेकांना पाठवण्याच्या त्यांच्या रिवाजाला पॉल गिन्सपार्ग यांनी 1991 मध्ये लॉस अलामॉस येथे संगणकावर जागा दिली. तेच आजचे ‘अर्काइव्ह’. प्रत्येक विद्यापीठाने असा संग्रह उभारायचा, तर ते सारे एकत्र शोधायचे कसे? 1999 मध्ये सांता फे येथील बैठकीत त्यावर विचार झाला आणि त्यातून पुढे ‘ओएआय-पीएमएच’ हा नोंदी गोळा करण्याचा सामाईक शिष्टाचार तयार झाला. साउदॅम्प्टन विद्यापीठाचे ‘ईप्रिंट्स’ 2000 मध्ये आले. एमआयटी आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांचे ‘डीस्पेस’ 2002 मध्ये आले. दोन्ही प्रणाली फुकट आणि मुक्तस्रोत. त्याच वर्षीच्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने मुक्त प्रवेशाच्या दोन वाटा सांगितल्या: मुक्त नियतकालिके आणि लेखकाने स्वतः प्रत जमा करणे. भांडार ही दुसरी वाट.

उभारणीचे तांत्रिक अंग तुलनेने सोपे. सर्व्हर, प्रणाली, विभागवार रचना आणि प्रत्येक लेखाला पत्ता बदलला तरी न तुटणारा कायमचा दुवा. शीर्षक, लेखक, विषय, दिनांक अशा नोंदींसाठी ‘डब्लिन कोअर’ची मूळ पंधरा घटकांची चौकट असते.

खरी कसरत हक्कांची. प्रकाशकाने मांडणी केलेली पीडीएफ बहुतेकदा चालत नाही. तज्ज्ञांच्या परीक्षणानंतर स्वीकारले गेलेले लेखकाचे शेवटचे टंकलिखित चालते, तेही कधी ठरावीक काळ थांबून. कोणता प्रकाशक काय चालू देतो, हे पूर्वी ‘शेर्पा रोमिओ’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूचीत पाहता येते. पण ते टंकलिखित जपून ठेवलेले लेखक थोडेच. म्हणून निबंध स्वीकारला गेल्याचे पत्र येताच प्रत मागणारा ग्रंथपाल पुढे कटकटीतून वाचतो.

भांडार उघडले तरी ते आपोआप भरत नाही. बेल्जियममधील लिएज विद्यापीठाने यावर जालीम उपाय केला. तेथील ‘ऑर्बी’ हे भांडार 2008 मध्ये सुरू झाले. नाव ‘ओपन रिपॉझिटरी अँड बिब्लिओग्राफी’चे संक्षिप्त रूप, शिवाय लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘जगाला’. कुलगुरू होते विषाणुशास्त्रज्ञ बर्नार्ड रेंटिए. पदोन्नतीच्या अर्जात ऑर्बीत नोंदवलेलीच प्रकाशने विचारात घेतली जातील, असा त्यांनी नियम केला. प्रत लगेच जमा करायची. प्रकाशकाची मुदत असेल तर प्रत तेवढा काळ बंद राहते आणि वाचक बटण दाबून ती लेखकाकडे मागू शकतो. जमा करणे आणि खुले करणे यांची अशी फारकत केल्यामुळे प्रकाशकाची अट ही सबब उरली नाही.

भारतात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने 2002 मध्ये ईप्रिंट्सवर आपले भांडार सुरू केले. राउरकेलाच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेने 2006 मध्ये जमा करणे बंधनकारक केले. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे, तर पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेचे भांडार डीस्पेसवर आहे. गोखले संस्थेच्या भांडारात जुनी दुर्मीळ पुस्तकेही आहेत. प्रबंधांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांनंतर गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘शोधगंगा’ हे सामाईक भांडार झाले. महाराष्ट्रातील विद्यापीठांचे मराठी प्रबंधही तेथे आहेत.

मराठीपुरती एक अडचण वेगळी आहे. युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेला प्रबंध पडद्यावर नीट दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती निरर्थक रोमन अक्षरे असतात. नुसत्या स्कॅन केलेल्या पानांत तर मजकूरच नसतो, चित्र असते. दोन्ही ठिकाणी शोध रिकामा परततो. अशा वेळी शीर्षक, गोषवारा आणि विषयशब्द युनिकोड देवनागरीत हाताने भरावे लागतात. रोमन लिप्यंतरही दिले, तर मराठी कळफलक नसलेल्या वाचकाला तोच प्रबंध सापडतो.