गिरणीचा पहिला कायदा आणि त्याचे कर्ते

डिलाईल रोडवरच्या जुन्या चाळकऱ्याला गिरणीचा कायदा समजावून सांगण्याची गरज पडत नसे. रविवारची सुटी आणि दुपारी भाकरी खाण्यापुरता थांबणारा साचा ही त्याच्या दिनचर्येचीच अंगे होती. पण हा कायदा प्रथम कोणत्या सभेत झाला आणि त्या सभेत त्याच्या आज्याची बाजू मांडावयास कोण बसले होते, असे विचारले तर मोठमोठ्या जाणत्यांनाही घटकाभर थांबावे लागेल. म्हणून त्या सभेपासूनच आरंभ करू.

१८६१ च्या इंडियन कौन्सिल्स अ‍ॅक्टाने मुंबईस कायदेकौन्सिल मिळाले व १८६२ साली ते भरू लागले. नाना शंकरशेट यांच्यासारखे थोर गृहस्थ त्यात होते. तथापि कौन्सिल या शब्दाने आज आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र उभे राहते ते तेथे लावू नये. निवडणूक नव्हती, सभासद सरकारने नेमावयाचे. प्रश्न विचारण्याचा अधिकार नव्हता. तो १८९२ च्या कायद्याने आला. पुढे असलेल्या विधेयकावर बोलावे, एवढीच मुभा. आणि विधेयक पुढे यावयाचे तर आधी परवानगी हवी. या परवानगीच्या उंबऱ्यावरच आपली कथा अडखळते.

मुंबईत कापडगिरणीची कंपनी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली काढली आणि वीस वर्षांत गिरण्यांची रांग उभी राहिली. काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. विजेचे दिवे यायचे होते, म्हणून दिवसाची लांबी काय ती सूर्याच्या हाती. उन्हाळ्यात मजुराचा दिवस लांबे, पगार मात्र लांबत नसे. भरलेल्या बाबिनी काढून रिकाम्या चढविण्याच्या कामावर सात-आठ वर्षांची पोरे असत. १८७५ साली मुंबई सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमले. मुंबईचे कलेक्टर आर्बथनॉट हे अध्यक्ष आणि सभासदांत गिरणीमालकांचा भरणा. कायद्याची जरूरी नाही, असे बहुमत पडले यात नवल ते काय! अध्यक्ष व डॉ. ब्लेनी यांनी मात्र कायदा हवा, असे वेगळे मत दिले. गिरणीमालकांचा संघ त्याच साली स्थापन झाला, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

येथे सोराबजी शापूरजी बंगाली पुढे येतात. आडनाव बंगाली, पण गृहस्थ मुंबईचे पारशी, व्यापारी आणि समाजसुधारक. मुंबईच्या कौन्सिलाचे ते सभासद होते. १८७८ साली त्यांनी स्वतः गिरणी कायद्याचा मसुदा तयार केला आणि तो मांडण्याची परवानगी मागितली. सरकारने नकार दिला. म्हणजे मुंबईच्या सभासदाला मुंबईच्या गिरण्यांविषयीचा मसुदा मुंबईच्या कौन्सिलात वाचूनही दाखविता येईना! बंगाली गप्प बसले नाहीत. त्यांनी तो मसुदा विलायतेस धाडला. तेथे लॉर्ड शॅफ्ट्सबरी यांनी आधीच हा विषय उमरावांच्या सभेत काढलेला होता. आता पार्लमेंटात पुन्हा बोभाटा झाला, कलकत्त्यास दाब आला आणि १८७९ साली हिंदुस्थान सरकारने आपले विधेयक मांडले. परळच्या पोराचे गाऱ्हाणे कलकत्त्याच्या कौन्सिलात पोहोचावयास टेम्सच्या काठाने जावे लागले.

पण या वळणानेच सारा घोटाळा केला. पार्लमेंटात हिंदी मजुरांसाठी कळवळणाऱ्यांत शॅफ्ट्सबरीसारखे सच्चे लोक होते, तसे लँकेशायरच्या गिरण्यांचे हितचिंतकही होते. मुंबईचे स्वस्त सूत त्यांना खुपत होते. १८७९ च्या मार्चमध्ये लॉर्ड लिटनने आपल्या कार्यकारी मंडळाचे बहुमत झुगारून जाड्याभरड्या विलायती कापडावरील जकात उठविली. १८८२ मध्ये उरलीसुरलीही गेली. या दोन तारखांच्या मध्येच गिरणीचा कायदा झाला. तेव्हा हा कायदा म्हणजे मँचेस्टरचा कावा, असे मालक म्हणत ते अगदीच निराधार नव्हते. आणखी एक पुरावा कायद्यातच आहे. चहा-कॉफीच्या मळ्यांवरचे कारखाने आणि निळीचे कारखाने त्यातून वगळलेले होते. गोऱ्या मळेवाल्यांच्या मजुरांविषयी ही करुणा कोठे गेली होती? ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनीही अशा कायद्यास विरोधच केला, तो याच संशयापोटी.

मला वाटते, येथेच आपल्या तेव्हाच्या पुढाऱ्यांची नजर अर्धीच पोहोचली. लँकेशायरचा हेतू त्यांनी बरोबर ओळखला. परंतु हेतू खोटा म्हणून साच्याखाली सापडणारे पोराचे बोट खोटे ठरत नाही. बंगाल्यांना हे दोन्ही दिसत होते. कलकत्त्याच्या कौन्सिलात जमीनदार होते, व्यापारी होते, संस्थानिक होते, गोरे अंमलदार तर होतेच. साच्यावर उभा राहिलेला माणूस मात्र एकही नव्हता, आणि त्याला काय हवे हे विचारावे असे कोणास सुचले नाही.

१८८१ च्या मार्चमध्ये लॉर्ड रिपनच्या कारकिर्दीत कायदा पसार झाला व १ जुलैपासून अंमलात आला. शंभर वा अधिक माणसे आणि यंत्रशक्ती असलेल्या कारखान्यांनाच तो लागू. सात वर्षांखालील मुलांस मज्जाव. सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तासांहून अधिक काम नाही, तासाभराची विश्रांती, महिन्यास चार सुट्या. यंत्रांना कठडे घालावे आणि अपघात कळवावे. बस्स. बायकांविषयी आणि मोठ्या पुरुषांविषयी अवाक्षर नाही. मुलांचे म्हणाल तर घाटावरून वा कोकणातून आलेल्या पोराच्या वयाचा दाखला असणार कोठे? मुकादम सांगेल ते वय!

कौन्सिलाने जे विचारले नाही ते मजुरांनी आपण होऊन सांगितले, तीन वर्षांनी. १८८४ साली मुंबई सरकारने दुसरे कमिशन नेमले तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत मजुरांच्या सभा भरविल्या. लोखंडे हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेतले आणि ‘दीनबंधु’चे संपादक. सभांतून जो अर्ज निघाला त्यावर साडेपाच हजार सह्या होत्या. मागण्या पाच: रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार, कायमचा निकामी झाल्यास निर्वाहाची सोय. हा अर्ज बंगाल्यांच्या मसुद्याशेजारी ठेवून वाचावा. बंगाल्यांनी करुणेने लिहिले. या अर्जात हिशेब आहे. पगार कोणत्या तारखेला हातात पडतो आणि वाण्याची उधारी केव्हा थकते, हे कौन्सिलातल्या कोणाही सभासदाला सुचण्याजोगे नव्हते.

सरकार हलले नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दहा हजार मजूर जमले. दोन स्त्रिया बोलल्या. १० जून रोजी मालकांनी रविवारची सुटी कबूल केली. त्याच साली नेमलेल्या नव्या कमिशनात बंगाली सभासद होते आणि मुंबईपुरते साहाय्य करावयास लोखंडे यांनाही घेतले होते. १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुटी आणि दुपारचा अर्धा तास पक्का केला, स्त्रियांना अकरा तासांची मर्यादा घातली, मुलांचे किमान वय नऊ केले आणि त्यांचे तास सातावर आणले.

उरलेल्या मागण्यांचे काय झाले? मोठ्या पुरुषांच्या तासांना कापडगिरण्यांत मर्यादा आली ती १९११ साली, आणि तीही बारा तासांची. जखमी मजुराच्या भरपाईचा कायदा १९२३ साली झाला. तोवर कौन्सिलाची असेंब्ली झाली होती आणि मजुरांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी तेथे बसत होते. तेही नेमलेलेच, निवडलेले नव्हेत. पण साच्यावरच्या माणसाचे नाव घेऊन बोलणारे एक आसन आता सभागृहात होते. डिलाईल रोडला आज ज्यांचे नाव आहे ते हेच जोशी. त्यांचा जन्म १८७९ चा, म्हणजे हिंदुस्थान सरकारने गिरणीचे विधेयक मांडले त्याच सालचा. पगाराच्या तारखेची मागणी सर्वांत मागे राहिली. पगार ठराविक मुदतीत दिलाच पाहिजे असा कायदा १९३६ साली झाला, सुपारीबागेच्या अर्जानंतर बावन्न वर्षांनी.