सदोष वस्तू आणि अडवलेला पैसा : व्ही.पी.पासून कार्डापर्यंत

२०२३ च्या हिवाळ्यात आई माझ्याकडे शिलाँगला राहावयास आली. वय ८२, दृष्टी उत्तम, पण कान जवळजवळ गेलेले. सांगलीच्या मावशीचा रोज संध्याकाळी येणारा फोन हा तिचा एकमेव विरंगुळा, आणि तोच तिला ऐकू येईनासा झाला होता. मी इंटरनेटवरील एका दुकानातून श्रवणयंत्रांची जोडी मागवली. किंमत २३,९९९ रुपये. उजव्या कानाचे यंत्र दोन दिवस चालले व नंतर शिट्ट्या मारू लागले; डाव्या कानाचे पहिल्यापासून मुके होते. विक्रेत्याला पत्र लिहिले. उत्तर आले, की कानात घालावयाची वस्तू स्वच्छतेच्या कारणास्तव परत घेतली जात नाही. वस्तू सदोष आहे, नकोशी झालेली नाही, हे मी आणखी तीन पत्रांतून समजावण्याचा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी नवा तक्रार क्रमांक मिळाला, दुसरे काही नाही.

पैसे क्रेडिट कार्डाने भरलेले होते, एवढीच जमेची बाजू. कार्डधारक आपल्या बँकेकडे वाद नोंदवू शकतो. मग बँक ती रक्कम विक्रेत्याच्या बँकेकडून उलट ओढून घेते. याला बँकांच्या भाषेत चार्जबॅक म्हणतात. माझ्या प्रकरणाचे पुढे काय झाले ते सांगेनच. पण त्या तीन महिन्यांत मला एका प्रश्नाने पछाडले : ग्राहकाला हा अधिकार दिला कोणी? अर्थशास्त्र शिकलेल्या व आयुष्य सरकारी नियमपुस्तकांत घालवलेल्या माणसाला याचे उत्तर ठाऊक असावयास हवे होते. ते नव्हते.

महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या माझ्या पिढीच्या वाचकांना व्ही.पी. आठवत असेल. माझे वडील रेल्वेत, आम्ही जबलपूरला. मराठी पुस्तक हवे तर पुण्याला कार्ड टाकावयाचे, आणि पोस्टमन पुडके घेऊन दारात उभा राहिला की आधी पैसे मोजावयाचे. पुडके उघडून पाहण्याची मुभा नाही. पैसे दिल्यावरच ते हातात. एकदा आलेल्या ग्रंथाचा एक फर्मा कोरा निघाला, १६ पाने पांढरी. वडील तडक पोस्टात गेले आणि ते पैसे थांबवता येतील का, असे विचारते झाले. पोस्टमास्तरांनी शांतपणे सांगितले, की मनिऑर्डर पुण्याला रवाना झाली आहे. पुढे प्रकाशकाने सज्जनपणे दुसरी प्रत पाठवली, त्यामुळे प्रकरण मिटले. परंतु वडिलांचा प्रश्न वेडगळ नव्हता, हे मला पन्नास वर्षांनी कळले.

भारतात व्ही.पी.ची पद्धत १८७७ मध्ये सुरू झाली. जगात ऑनलाइन हा शब्द रूढ होण्यापूर्वी कित्येक दशके, अनोळखी विक्रेत्याकडून न पाहिलेली वस्तू दूरवर बसून विकत घेण्याचा व्यवहार आपल्याकडे रूढ झाला होता, आणि त्याचे रोगही तेव्हाच दिसू लागले होते. १८९८ चा भारतीय डाकघर कायदा हा त्याचा पुरावा. त्याच्या व्ही.पी.विषयक तरतुदीत दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली, ही वस्तू खऱ्याखुऱ्या मागणीनुसारच पाठवत आहे असे पाठवणाऱ्याकडून लिहून घेण्याचा अधिकार; अर्थात न मागवलेली पुडकी लोकांच्या माथी मारणारे महाभाग तेव्हाही होते. दुसरी, फसवणुकीच्या प्रकरणी वसूल केलेली रक्कम पोस्टाने अडवून धरावी व ज्याने दिली त्याला परत करावी, यासाठी नियम करण्याची मुभा. टपाल खाते म्हणजे केवळ हमाल नव्हे. दोघांच्या मध्ये उभा असलेला आणि काही काळ पैसा हाती धरणारा तो तिसरा पक्ष आहे, हे इंग्रजी अमदानीतील त्या मसुदाकाराने ओळखले होते. (हा कायदा २०२३ च्या नव्या डाकघर कायद्याने इतिहासजमा केला, तो २०२४ च्या जूनमध्ये लागू झाला.)

मात्र त्या तरतुदीतील एका शब्दाकडे लक्ष द्यावे : फसवणूक. पुडक्यात विटेचा तुकडा निघाला तर फसवणूक. कोरा फर्मा निघाला तर? तो दोष. दोषासाठी १९३० चा माल विक्री कायदा होता व आहे. वर्णनाबरहुकूम व प्रयोजनास योग्य माल मिळण्याची अध्याहृत अट त्यात आहे. पण तो हक्क विक्रेत्याविरुद्ध, आणि बजावावयाचा न्यायालयात. तोवर पैसा विक्रेत्याच्या खिशात. फसवणूक आणि दोष यांतील ही भिंत आपल्या प्रशासनाने तेव्हा बांधली आणि, मला वाटते, अजून पाडलेली नाही.

ती भिंत पाडण्याचे काम अमेरिकेत झाले, तेही ग्राहकप्रेमापोटी नव्हे, गोंधळापोटी. १९५८ च्या सप्टेंबरमध्ये बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो शहरात सुमारे ६०,००० कार्डे, कोणी मागितलेली नसताना, टपालाने घरोघर पाठवली. इतर बँकांनी तोच कित्ता गिरवला. कार्डे चोरीस गेली, हिशेब चुकले, न केलेल्या खरेदीची बिले आली. १९७० मध्ये न मागितलेली कार्डे पाठवण्यास बंदी आली आणि चोरीच्या कार्डावरील ग्राहकाची जबाबदारी ५० डॉलरपुरती सीमित झाली. इथवर केवळ फसवणुकीचा बंदोबस्त झाला.

दोषाचा प्रश्न अधिक जुना आणि अधिक गहन होता. हप्त्याने वस्तू घेणारा ग्राहक वचनचिठ्ठी लिहून देई. दुकानदार ती वित्तसंस्थेला विकून मोकळा होई. शीतपेटी बंद पडली म्हणून ग्राहकाने हप्ता थांबवला, तर वित्तसंस्था म्हणे, शीतपेटीशी आमचा काय संबंध? आम्ही सद्‌हेतूने, मोबदला देऊन चिठ्ठी घेतली आहे. कायदा तिच्या बाजूने असे. आपल्याकडील १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम ९ मध्येही हाच धारक बसलेला आहे. व्यापारी हुंड्या हातोहात फिराव्यात यासाठी हे तत्त्व आवश्यकच. पण ते गृहिणीच्या शीतपेटीला लावले की अन्याय होतो.

१९७४ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत संमत झालेल्या फेअर क्रेडिट बिलिंग अॅक्टने कार्डापुरते हे तत्त्व मोडले. बिल आल्यापासून ६० दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घ्यावी, बँकेने ३० दिवसांत पोच द्यावी व फार तर ९० दिवसांत निकाल लावावा. आणि खरी क्रांती पुढेच : वस्तू सदोष असेल, विक्रेत्याशी प्रामाणिकपणे बोलून पाहिले असेल, तर विक्रेत्याविरुद्धचा बचाव ग्राहकाला थेट बँकेविरुद्ध वापरता येईल. यालाही मर्यादा होत्या. खरेदी ५० डॉलरहून अधिकची हवी, आणि ती ग्राहकाच्या राज्यातील किंवा घरापासून १०० मैलांच्या आतील हवी. कायदेकर्त्यांच्या डोळ्यांसमोर गावातले दुकान होते.

त्याच वर्षी ब्रिटनने आणखी सरळ मार्ग काढला. तेथील ग्राहक पतपुरवठा कायद्याचे कलम ७५ सांगते, की विक्रेता चुकला तर पतपुरवठा करणारी बँकही त्याच्याइतकीच जबाबदार. आज १०० पौंडांहून अधिक व ३०,००० पौंडांपर्यंतच्या वस्तूंना ते लागू आहे. परदेशातील खरेदीला ते लागू नाही असा बँकांचा हट्ट होता. तो २००७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने मोडून काढला.

बँका हा बोजा स्वतः का वाहतील? त्यांनी तो कार्ड कंपन्यांच्या नियमावलीमार्फत विक्रेत्याच्या बँकेवर, व तिने विक्रेत्यावर ढकलला. ही नियमावली खासगी करार आहे, परंतु कार्ड जेथे जेथे गेले तेथे तीही गेली. जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवले होते, की मालाचा दर्जा विक्रेत्यालाच ठाऊक असेल तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हाकलतो. चार्जबॅक हा त्यावरचा एक उतारा होय. दर्जाची जोखीम तो अशा पक्षाकडे देतो, ज्याला विक्रेत्यावर नजर ठेवणे आणि त्याला बाहेर काढणे सहज शक्य असते.

आता भारताकडे वळू. १९८० साली सेंट्रल बँकेने कार्ड आणले, पुढे इतर बँका आल्या, आणि कार्डाबरोबर ती परदेशी नियमावलीही आली. कायदा मात्र आला नाही. आपल्याकडे जे झाले ते पुन्हा फसवणुकीच्या बाजूने. ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारास दुसरा पडताळा सक्तीचा झाला. जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत व्यवहारांतील ग्राहकाची जबाबदारी सीमित केली. दोन्ही निर्णय उत्तम. जगाने अनुकरण करावे असे. २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांनी बिलावरील हरकतीचा ३० दिवसांत खुलासा देण्यास बँकांना बांधले, पण वाद मिटेपर्यंत आकारणी न करण्याची सवलत दिली ती फसवणूक म्हणून नोंदवलेल्या व्यवहारांना. १८९८ चा तोच शब्द! सदोष वस्तूसाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, राहत्या गावी तक्रार करण्याची सोय त्याने दिली, हे खरेच मोठे पाऊल. तरी तो विक्रेत्याविरुद्धचा दावा आहे, पैसा अडवण्याची कळ नव्हे. ती कळ आपल्या ग्राहकाच्या हाती आहे ती कार्ड कंपनीच्या नियमावलीच्या कृपेने.

नियमावलीची कृपा काटेकोर असते, याचा अनुभव मी घेतला. बँकेच्या दूरध्वनीवरील मुलाने माझी हकिगत ऐकली आणि वादाचे कारण म्हणून ‘वस्तू मिळाली नाही’ हा रकाना भरला. मी ई-मेलने स्पष्ट ‘सदोष’ लिहिले होते. ते कोणी वाचले नाही. रक्कम तात्पुरती जमा झाली, मी निश्चिंत. सहा आठवड्यांनी विक्रेत्याने माझ्याच सहीची पोच सादर केली. वस्तू मिळाली होतीच! बँकेने रक्कम परत काढून घेतली. चुकीच्या शीर्षाखाली नोंद केली म्हणून मी नोकरीत शेकडो फायली परत पाठवल्या आहेत. त्या संध्याकाळी मला त्या सर्व कारकुनांची आठवण झाली.

मग बँकेच्या वरिष्ठ तक्रार अधिकाऱ्यांकडे गेलो. त्या बाईंनी कागद शांतपणे पाहिले आणि एकच प्रश्न विचारला : वस्तू परत करण्याचा प्रयत्न केलात का? सदोष मालाच्या वादात तीच गोम आहे. वस्तू परत केलेली असावी, निदान करू पाहिलेली असावी. नाही तर योग्य रकाना भरूनही मी हरलोच असतो, आणि कारकुनाच्या चुकीने माझे काही बिघडले असे म्हणता आले नसते. सुदैवाने पहिल्या आठवड्यातच मी, निव्वळ सरकारी सवयीने, ती जोडी विक्रेत्याच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवली होती आणि ती न स्वीकारता परत आली होती. कानाच्या डॉक्टरांचे पत्र व त्या पाकिटाचे छायाचित्र जोडले. बँकेने चूक मान्य केली व ९४ व्या दिवशी रक्कम आपल्या खात्यातून दिली. विक्रेत्याला तोशीस लागली नाही, याची रुखरुख मला आहे. आईला मात्र दुसरे यंत्र मी दुसऱ्याच महिन्यात पोलीस बझारमधून, डॉक्टरांसमोर कानात घालून पाहून, घेतले होते.

आज आपण भाजीपासून विमानाच्या तिकिटापर्यंत सारे यूपीआयने घेतो. २०१६ मध्ये आलेली ही व्यवस्था प्रशासकीय कर्तृत्वाचा नमुना आहे, यात मला शंका नाही. तेथेही वाद नोंदवता येतो. पण तिचा आत्मा अडकलेले पैसे सोडवण्याचा आहे, मालाची प्रत जोखण्याचा नाही. शिवाय खात्यातून थेट होणाऱ्या व्यवहारात पत नाही. पैसा माझ्या खात्यातून क्षणात निघून जातो, महिनाअखेरचे बिल येत नाही, ज्यावर हरकत घ्यावी. जानेवारी २०२० पासून तेथील व्यापारी शुल्कही शून्य करण्यात आले. कार्डाच्या शुल्काला आपण दलाली म्हणून नावे ठेवतो, आणि ते जास्त असते हेही खरे. परंतु त्याच शुल्कातून मधल्या पंचाचा पगार निघत होता. शुल्क नसेल तर सदोष वस्तूच्या वादात पंच म्हणून कोणी बसावे, आणि कोणाच्या खर्चाने? धोरण आखणाऱ्या मित्रांना मी हे विचारून पाहतो. ते म्हणतात, आधी फसवणूक आटोक्यात येऊ द्या.

ते परत आलेले पाकीट अजून माझ्या कपाटात आहे. वरती पोस्टमनच्या हातचा निळ्या शाईतला शेरा : घेण्यास नकार, प्रेषकास परत. खाली तारीख आणि गिचमिड सही.