रात्रीचे ११:५९ : फिजिक्सच्या गृहपाठाची गोष्ट

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांचे फोन आले. "सर, तुम्ही तत्त्वज्ञानवाले, फिजिक्सच्या गृहपाठावर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. पण दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या मुंबईत तो कुणी विचारला नसता. दादाभाई नौरोजी एल्फिन्स्टनमध्ये गणित आणि 'नॅचरल फिलॉसॉफी' शिकवत. ही नॅचरल फिलॉसॉफी म्हणजे आजचे फिजिक्स. तेव्हा आम्ही आज जुन्याच घरी परत आलो आहोत, असे समजा.

कारण मात्र घरगुती आहे. २०२० साली आमच्या नातवाला अमेरिकेतल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि तो पहिले सत्र शिकला ते इथे, मुलुंडच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर. विमाने बंद, व्हिसाची कचेरी बंद. पहिल्या वर्षाच्या फिजिक्सचा गृहपाठ ऑनलाइन. मुदत तिकडच्या रात्रीच्या ११:५९ची, म्हणजे आपल्याकडे सकाळचे ९:२९. घरात पोह्यांचा वास, खाली भाजीवाला ओरडतोय आणि हा पोरगा रात्रभर जागून शेवटची दहा मिनिटे मोजतोय. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला तिकडची घड्याळे तासभर मागे गेली, तेव्हा मुदत १०:२९ झाली. आमच्या सुनेला केवढा आनंद!

त्या ऑक्टोबरात एका सकाळी तो म्हणाला, "आजोबा, मला फिजिक्स जमत नाही. मी विषय बदलतो." पाच संधींपैकी चार संपल्या होत्या. चारही वेळा लाल फुली. दुसऱ्या खिडकीत कुठल्याशा साइटवर संपूर्ण सोडवलेले उत्तर तयार होते. "हे टाकू का?"

आम्ही लगेच काही बोललो नाही. त्याला कारण होते, आणि ते सांगायचे तर मागे जावे लागेल.

मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली, लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. त्याचे सुरुवातीचे काम शिकवणे हे नव्हतेच. शिकवायची कॉलेजे, विद्यापीठ फक्त परीक्षा घ्यायचे आणि पदव्या द्यायचे. याचा परिणाम फार खोल गेला, असे आमचे मत आहे. शिकवणारा एक आणि तपासणारा दुसरा झाला, की मधल्या वाटेला साक्षीदार उरत नाही. मग साक्ष कागदाने द्यायची. प्रॅक्टिकलचा तो कागद म्हणजे जर्नल. सही-शिक्क्याचे, 'सर्टिफाइड'. जर्नल नाही तर परीक्षेला बसता येत नाही. तुमच्यापैकी अर्ध्या लोकांच्या चेहऱ्यावर आत्ता जे हसू आले, ते या जर्नलमुळेच!

आम्ही उपनगरातल्या एका कॉलेजात इंटर सायन्स केले, १९६०च्या दशकाच्या शेवटी. तोवर उपनगरांत कॉलेजे उभी राहात होती. अंधेरीला भवन्स १९४६चे, पार्ल्याचे कॉलेज १९५९चे, घाटकोपरचे झुनझुनवाला १९६३चे. मुलुंडला केळकर-वझे यायला १९८४ उजाडले. तोवर मुलुंडच्या पोरांनी सायन्सला जायचे म्हणजे गाडी धरायची. कॉलेज, प्रॅक्टिकल, गाडी, घरी दोन खोल्यांत सात माणसे. जर्नल कधी लिहायचे? तर जमा करायच्या आदल्या रात्री, मित्राचे समोर ठेवून.

साध्या लंबकाचा प्रयोग तुम्हाला आठवत असेल. दोरी, गोळी, स्टॉपवॉच, आणि त्यावरून गुरुत्वत्वरण, म्हणजे g. आमच्या बॅचमधल्या सगळ्यांचा g आला ९८१. सगळ्यांचा! दोरी कुणाची तुटली होती, कुणाचे घड्याळ अडखळत होते, एक जण तर त्या दिवशी गैरहजर होता. सरांनी जर्नले चाळली, चष्मा काढला आणि म्हणाले, "तुम्ही प्रयोग कुठे केलात?" आम्ही म्हटले, "सर, इथेच." ते म्हणाले, "मग लंबक लंडनला टांगला होता वाटतं."

तेव्हा आम्हाला तो नुसता टोमणा वाटला. पुढे कळले की ते अक्षरशः खरे होते. g सगळीकडे सारखा नसतो. विषुववृत्ताजवळ कमी, ध्रुवाकडे जास्त. लंडनला तो साधारण ९८१ भरतो, मुंबईत ९७८.६च्या आसपास. विलायती पुस्तकांतला आकडा आमच्या जर्नलांत उतरला होता. अर्थात कॉलेजच्या दोरी-गोळीने एवढा बारीक फरक पकडता येत नाही. प्रामाणिक जर्नलांत ९६०पासून १०००पर्यंत काहीही आले असते, आणि तेच त्या प्रयोगाचे खरे उत्तर होते. सरांनी सह्या मात्र केल्या. शंभर-सव्वाशे जर्नले, एक माणूस, दुसरे काय करणार? त्यानंतर आम्ही तत्त्वज्ञानाकडे वळलो. त्याचा या प्रसंगाशी संबंध नाही असे आम्ही बरीच वर्षे सांगत आलो.

आता यंत्राकडे येऊ. शंभर वह्या आणि एक माणूस, ही अडचण काही आपल्याच देशाची नव्हती. १९५३ साली मानसशास्त्रज्ञ स्किनर आपल्या मुलीच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसले. त्यांनी पाहिले की मुलांना आपले उत्तर बरोबर की चूक हे लगेच कळतच नाही. मग त्यांनी शिकवणारे यंत्र बनवायला घेतले. १९६०मध्ये इलिनॉय विद्यापीठात संगणकावर शिकवणारी एक व्यवस्था उभी राहिली. तिच्या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांनी शब्द बनतो प्लेटो. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना हे फार आवडते. का, ते थोड्या वेळाने सांगतो. पुढे १९९२मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात 'कापा' नावाची प्रणाली आली. (आपल्या कानाला नाव जरा हिंसक वाटते, पण असो.) तिची युक्ती अशी की प्रश्न तोच, पण प्रत्येक विद्यार्थ्याला आकडे वेगळे. १९९७मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेटमधून 'वेबअसाइन' निघाले. त्याच सुमारास एमआयटीत डेव्हिड प्रिचर्ड हे भौतिकशास्त्रज्ञ असाच एक ऑनलाइन शिक्षक घडवत होते.

या वेगळ्या आकड्यांचा एक परिणाम बघा. मित्राचे उत्तर ३.८८ असले तरी ते मला उपयोगाचे नाही. मग मी मित्राला काय विचारणार? "सूत्र काय आलं?" म्हणजे उत्तर मागणे बंद होऊन निदान रीत मागणे सुरू झाले. आधी अक्षरे मांडा, आकडे शेवटी घाला, असे जुने मास्तर घसा फोडून सांगत. ते काम यंत्राने न सांगता करून घेतले.

पण नक्कल थांबली का? प्रिचर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न घेतला आणि २०१०मध्ये निबंध छापला. यंत्राकडे प्रत्येक उत्तराची वेळ नोंदलेली असते, त्यावरून त्यांनी नकललेली उत्तरे शोधली. ती निघाली सुमारे ११ टक्के. मुदत जवळ येईल तशी नक्कल वाढते, सत्र पुढे सरकेल तशीही वाढते. सतत नक्कल करणाऱ्यांची नापास होण्याची शक्यता साधारण तिप्पट. इथवर आश्चर्य काही नाही. पुढचे ऐका. सुरुवातीला गणितात किंवा फिजिक्समध्ये कोण हुशार, कोण कच्चा, याचा नकलेशी संबंध जवळजवळ नव्हता. जवळचे कारण होते वेळ. उशिरा सुरुवात आणि अंगावर आलेली मुदत. अभ्यासक्रमाची मांडणी आणि शिकवण्याची रीत बदलली, तेव्हा तेच प्रमाण ३ टक्क्यांच्या खाली आले. मुले तसलीच, नक्कल पावपट. आम्ही आयुष्यभर 'चारित्र्य' या शब्दाने ज्याची मीमांसा केली, ते पुष्कळसे वेळापत्रक निघाले. हे वाचून आम्ही त्या रात्री नीट झोपलो नाही.

आपल्याकडे हीच गोष्ट वेगळ्या दारातून आली. आयआयटी आणि बेंगळुरूची विज्ञान संस्था यांची व्याख्याने एनपीटीईएलवर होतीच, २०१४पासून त्यांत प्रमाणपत्राचे अभ्यासक्रम सुरू झाले. आठवड्याचा गृहपाठ, त्याला २५ टक्के आणि शेवटच्या परीक्षेला ७५. २०१७मध्ये स्वयम् आले. आज घाटकोपरची मुलगी पवईला न जाता पवईच्या प्राध्यापकाचा गृहपाठ करू शकते, ही लहान गोष्ट नाही. फक्त ती तो कुठे करते? बोरिवली-चर्चगेटच्या गाडीत उभ्याने मोबाइलवर आमच्या डोळ्यांनी पाहिला आहे, एका हाताने कडी धरून. दोन स्टेशनांच्या मध्ये नेटवर्क गेले की तोंडातल्या तोंडात शिवी. आणि जिथे सगळ्यांना प्रश्न एकच आणि पर्याय चार, तिथे उत्तर वर्गाच्या व्हॉट्सॲपवर यायला किती वेळ लागतो, हे तुम्हीच सांगा.

आता तो प्लेटो, खरा प्लेटो. त्याच्या 'मेनो' या संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला गणित घालतो. दोन फूट बाजूचा चौरस, क्षेत्रफळ चार. याच्या दुप्पट चौरस काढ. मुलगा म्हणतो, बाजू चार. सॉक्रेटिस म्हणत नाही, चूक. तो मोजायला लावतो: किती झाले? सोळा. बरे, मग? मुलगा म्हणतो, तीन. किती झाले? नऊ. आठ हवे होते. आता मुलगा म्हणतो, मला माहीत नाही. तिथून पुढे कर्णावरचा चौरस सापडतो. दोन संधी वाया गेल्या, असे आपण म्हणू. सॉक्रेटिस म्हणतो, आत्ता कुठे हा शिकायच्या जागी आला. तिथे चूक झाली की ती कुठली चूक, हे मुलाला दिसत होते.

नातवाच्या टेबलाशी परत जाऊ. गणित साधे होते. तीस अंशांच्या उतारावरून ठोकळा घसरतो, घर्षणांक ०.४, उताराची लांबी ५ मीटर, तळाशी वेग किती? आम्ही म्हटले, "ते साइटवरचं राहू दे. पहिल्यांदा काय लिहिलं होतंस ते दाखव." त्याने वही काढली. उताराच्या दिशेने ०.५, घर्षणाचे ०.४ गुणिले ०.८६६, म्हणजे ०.३४६४. ते त्याने ०.३५ लिहिले होते. वजाबाकी ०.१५. वेग आला ३.८३. मशीन म्हणाले, चूक.

आम्हाला पन्नास वर्षांत घर्षण विसरायला झाले होते, पण लॉगची चार अंकी कोष्टके हातात खेळवलेली. चार अंक सोडायचे नाहीत ही सवय हाडात. ०.३४६४चे ०.३५ केले, हा फरक एक टक्क्याचा. पण दोन जवळच्या संख्यांची वजाबाकी केली की तो वाढतो. ०.१५३६च्या जागी ०.१५, सव्वादोन टक्क्यांच्या वर. वर्गमुळाने अर्धा होतो, तरी उरतो एकाहून जास्त. आणि त्या यंत्राला सूट होती एक टक्क्याची. म्हणजे पोराचे फिजिक्स पहिल्याच वेळी बरोबर होते! ते मात्र त्याला कुणी सांगितले नाही. फुली पाहून त्याने घर्षणाची दिशा उलटी केली, मग साइनचे कोसाइन केले, मग g दहा घेतला. दर वेळी बरोबरपासून आणखी दूर. आणि चौथ्या फुलीनंतर तो आम्हाला म्हणाला होता, मला फिजिक्स जमत नाही.

लाल शाई घेऊन बसलेल्या मास्तरने त्या ०.३५खाली एक रेघ मारली असती. मारली असती का? शंभर वह्यांत? आमच्या सरांनी ९८१वर सही केलीच होती. म्हणून आम्ही यंत्राला फार बोलत नाही. पण बरोबर रीत आणि ढिला आकडा यांना एकच फुली देणे, हा अन्याय आहे, आणि तो कुणाच्याही हातून झाला तरी अन्यायच.

त्याने पुन्हा आकडेमोड केली. ३.८८. पाचवी संधी, हिरवी खूण. घड्याळात ९:२२. पुढचा प्रश्न कप्पीवरच्या दोन ठोकळ्यांचा होता. सात मिनिटे होती. दुसरी खिडकी उघडीच होती. त्याने तो प्रश्न वाचला, वहीत आकृती काढली, दोन ओळी लिहिल्या, आणि ९:२९ झाले. उत्तराची चौकट कोरीच राहिली. मग तो उठला आणि पोहे मागायला आत गेला.