मुलाला ‘ठेवण्या’पूर्वी : ठाणे जिल्ह्यातल्या निवासी उपचारांचा इतिहास आपल्याला काय शिकवतो?



“याला आता ठाण्याला पाठवायला हवं!” मुंबईपासून कल्याणपर्यंत ही थट्टा आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकलेली आहे. पण ज्या घरात पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा महिनोन्‌महिने झोपत नाही, शाळा सोडून बसला आहे, अंगावर धावून येतो किंवा स्वतःला इजा करून घेतो, त्या घरात हे वाक्य थट्टा राहत नाही. तिथे आईवडील दबक्या आवाजात विचारतात, “डॉक्टर, याला कुठे ठेवता येईल का?”

या प्रश्नाचे उत्तर देताना थोडा इतिहास ठाऊक असणे उपयोगी पडते. मुलांना ‘ठेवण्याची’ व्यवस्था आपल्याकडे दीडशेहून अधिक वर्षे जुनी आहे. बहुतेक वेळा सरकारने कायदा केला, काही पैसे दिले आणि घर चालवायला संस्थेकडे दिले. ही पद्धत कुठे उपयोगी पडली आणि कुठे मुलांच्या जिवावर बेतली, ते पाहू.

वेड्यांचे इस्पितळ आणि सुधारगृह

मुंबईत कुलाब्याला १८२६ पासून मनोरुग्णांसाठी आश्रयस्थान होते. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. जुन्या कागदांत ते ‘एन. एम. मेंटल हॉस्पिटल’, म्हणजे नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाचे इस्पितळ म्हणून आढळते. आज आपण त्याला प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणतो.

त्या काळात लागू झालेल्या १९१२ च्या कायद्याने ‘ल्युनॅटिक’ या एकाच शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या होत्या. एक मानसिक आजार आणि दुसरी जन्मापासूनची किंवा बालवयातली बौद्धिक अक्षमता. पहिल्यात उपचाराने आराम पडू शकतो. दुसरीत प्रशिक्षण आणि आयुष्यभराचा आधार लागतो. हा फरक न केल्याचे परिणाम मुलांनी फार काळ भोगले. मात्र त्याच कायद्यात एक शहाणपणाची तरतूदही होती. प्रत्येक रुग्णालयासाठी किमान तीन बाहेरचे पाहणी-सदस्य नेमायचे आणि त्यांपैकी दोघांनी तरी (त्यातला एक डॉक्टर) दर महिन्याला आत जाऊन पाहायचे. ही तरतूद लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

निराधार आणि कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांचा रस्ता वेगळा होता. १८५७ मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची औद्योगिक सुधारशाळा सुरू झाली. १९२४ मध्ये मुंबईचा बाल कायदा आला आणि १९२७ मध्ये चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरी-उमरखाडी आणि मानखुर्दची गृहे तिचीच. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठीही तिने मानखुर्दला गृह चालवले. न्यायालय मुलाला पाठवणार, सरकार मान्यता आणि अनुदान देणार, सांभाळ संस्था करणार, हा साचा इथे पक्का झाला. आजही तो बराचसा तसाच आहे.

साचा वाईट नव्हता

सरकार आणि संस्था एकत्र आल्या की बिघडतेच, असा निष्कर्ष घाईने काढू नका. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आठवा. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीचा आधार मिळाला, येरवड्याच्या सरकारी मनोरुग्णालयाच्या आवारात जागा मिळाली, आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते सुरू केले. आपल्या ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने ‘आयपीएच’ ही संस्था उभी राहिली. तिने भर दिला तो मुलाला घरातून न हलवता घरालाच मदत करण्यावर. किशोरवयीन मुलांपैकी बहुतेकांना खरी गरज असते ती याच मदतीची.

कायदाही हळूहळू सुधारला. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बौद्धिक अक्षमतेला मानसिक आजाराच्या व्याख्येतून बाहेर काढले आणि १६ वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळी रुग्णालये असावीत, असे म्हटले. तो लागू झाला १९९३ मध्ये. पण कागदावर वेगळे केले म्हणून जिल्ह्याजिल्ह्यात मुलांचे वेगळे वॉर्ड उभे राहिले नाहीत. घरच्यांपुढे पर्याय उरले ते मोठ्यांचे रुग्णालय, एखादे खासगी केंद्र किंवा बालगृह.

कवडास : पैसे पोहोचले, नजर पोहोचली नाही

कल्याणहून कसाऱ्याच्या लोकलने तासाभरात आपण शहापूर तालुक्यात पोहोचतो. याच तालुक्यातल्या कवडास इथे एका संस्थेचे, तेव्हाच्या सरकारी भाषेत ‘मतिमंद’ मुलांचे, गृह होते. तिथल्या मुलांच्या कुपोषणाच्या, मृत्यूंच्या आणि छळाच्या बातम्या २०१० मध्ये वृत्तपत्रांत आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पुढे राज्यभरातल्या अशा गृहांवर लक्ष ठेवण्यासाठी टाटा समाजविज्ञान संस्थेच्या डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली समन्वय समिती नेमली गेली.

डॉक्टर म्हणून मला या प्रकरणातली एक गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटते. कुपोषण एका रात्रीत होत नाही. वजन आठवड्या-आठवड्याने उतरते. गाल बसतात, बरगड्या दिसू लागतात, जखमा भरत नाहीत. वजनकाटा आणि वही घेऊन महिन्यातून एकदा कोणी आत गेले असते, तरी हे लपले नसते. बोलू न शकणारे मूल तक्रार करत नाही. त्याच्या वतीने बोलणारा वजनाचा तक्ता असतो, आणि तो वाचणारा बाहेरचा माणूस.

हे फक्त आपल्याकडेच घडते असेही नाही. अमेरिकेत काउंटी, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा घटक, किशोरवयीन मुलांच्या निवासी उपचारांसाठी खासगी केंद्रांशी करार करते. अशा केंद्रांतल्या छळाच्या तक्रारी वर्षानुवर्षे गाजल्या, आणि अखेर डिसेंबर २०२४ मध्ये तिथे त्याविषयी केंद्रीय कायदा करावा लागला. देश श्रीमंत असला तरी बंद दाराआडच्या मुलाची अवस्था तीच.

आज कायदा काय म्हणतो?

दोन कायदे लक्षात ठेवा.

पहिला, बाल न्याय कायदा २०१५. निराधार आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांचे प्रत्येक गृह, सरकारी अनुदान घेवो वा न घेवो, नोंदणीकृत असलेच पाहिजे. बालकल्याण समितीने महिन्यातून किमान दोन भेटी द्यायच्या. शिवाय तपासणी समितीने दर तीन महिन्यांनी पाहणी करायची, आणि तिच्यात एक महिला व एक वैद्यकीय अधिकारी हवाच. १९१२ ची ती जुनी तरतूद आठवली ना? शंभर वर्षांनी आपण पुन्हा तिथेच आलो.

दुसरा, मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, जो २०१८ मध्ये लागू झाला. १८ वर्षांखालील मुलाला दाखल करणे हा अपवाद असावा, नियम नव्हे, असे तो सांगतो. त्याप्रमाणे :

• मुलाची दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासणी करायला हवी. त्यांपैकी किमान एक मनोविकारतज्ज्ञ हवा.
• मुलाला मोठ्या रुग्णांपासून वेगळे ठेवायला हवे.
• पालक किंवा नामनिर्देशित प्रतिनिधी पूर्ण काळ मुलासोबत राहतो. मुलगी असेल आणि तो प्रतिनिधी पुरुष असेल, तर सोबतीला स्त्री हवी.
• दाखल केल्याची माहिती ७२ तासांत पुनर्विलोकन मंडळाला द्यायची. मुक्काम ३० दिवसांपुढे गेला तर मंडळाने आढावा घ्यायचा.
• साखळीने बांधणे कोणत्याही रुग्णाच्या बाबतीत बेकायदा आहे.

या यादीत अमुक इतक्या खाटा किंवा अमुक आकाराची इमारत यांचा उल्लेख नाही. सगळा भर सोबत कोण आणि पाहणारे कोण यावर आहे. याच कायद्यात आणखी एक कमी माहितीची तरतूद आहे. जिल्ह्यात किमान सरकारी मानसिक आरोग्यसेवा उपलब्ध नसेल, तर जिल्ह्यातल्या इतर ठिकाणी घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने उचलायचा आहे.

अर्थात कायदा आपोआप चालत नाही. ठाण्याच्या मनोरुग्णालयात बरी होऊनही वर्षानुवर्षे अडकून राहिलेल्या एका महिलेचे प्रकरण मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी जनहित याचिकेद्वारे उच्च न्यायालयात नेले. त्यानंतरच ही मंडळे प्रत्यक्षात आणण्याला खरा जोर आला.

मग तुम्ही काय करायचे?

आधी नीट निदान करून घ्या. मूल मुद्दाम तसे वागत नाही. आजार, अक्षमता, व्यसन आणि घरातला ताण यांचे उपाय वेगवेगळे असतात. बहुतेक मुलांना घरी राहूनच औषधे, समुपदेशन आणि पालकांचे मार्गदर्शन पुरते.

दाखल करावेच लागले, तर केंद्राला सरळ विचारा. नोंदणी प्रमाणपत्र दाखवाल का? मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात? मी सोबत राहू शकतो का? न कळवता भेटायला येऊ शकतो का? वजन आणि औषधांची नोंद पाहू शकतो का? घरी केव्हा आणि कसे सोडणार? “पहिले तीन महिने भेट नाही” असे उत्तर आले, तर मुलाला घेऊन परत या.

रात्री-अपरात्री घाबरून गेलात तर टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. एखाद्या गृहात मुलाचा छळ होत असल्याची शंका आली, तर १०९८ वर कळवा.

आणि मूल आत असेल, तर भेटीचा दिवस चुकवू नका. डोंबिवलीहून दोन गाड्या बदलून जावे लागले तरी जा. तपासणी समिती तीन महिन्यांनी येईल, तुम्ही दर आठवड्याला जाऊ शकता.