तरणतलावातील पाण्याचा कठीणपणा : कमी असल्यास काय करावे?

यवतमाळ जिल्ह्यात जड पाण्याची तक्रार नवी नाही. गिझरमध्ये साचणारा पांढरा थर आणि लवकर न शिजणारी डाळ अनेक घरांच्या परिचयाची आहे. अशा भागात पाण्याचा कठीणपणा वाढवण्याचा सल्ला विचित्र वाटेल. परंतु घरच्या तरणतलावासाठी तो कधी कधी आवश्यक ठरतो.

कठीणपणा का हवा?

पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियमचे प्रमाण कॅल्शियम कार्बोनेटच्या स्वरूपात, मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये मोजतात. सिमेंटचा गिलावा किंवा टाइल्स असलेल्या तलावात ते साधारण २०० ते ४०० असावे. ते फार कमी असल्यास पाणी आपली भूक गिलाव्यातून व टाइल्सच्या सांध्यांतून भागवते. पृष्ठभाग खरखरीत होतो, सांधे झिजतात. फायबरच्या तलावांना हा धोका बराच कमी असतो.

छतावरील पावसाचे पाणी किंवा सॉफ्टनरमधून आलेले पाणी तलावात भरल्यास हा प्रश्न हमखास उद्भवतो. काही विंधनविहिरींचे पाणीही मऊ असते. म्हणून अंदाजाने औषध न घालता आधी तपासणी करावी. थेंब मोजून रंगबदल पाहण्याचा तपासणी संच त्यासाठी पुरेसा आहे.

किती घालावे?

यासाठी कॅल्शियम क्लोराइड वापरतात. दहा हजार लिटर पाण्याचा कठीणपणा १० ने वाढवण्यासाठी शुद्ध निर्जल कॅल्शियम क्लोराइड सुमारे १११ ग्रॅम, तर स्फटिकजलयुक्त (डायहायड्रेट) प्रकार सुमारे १४७ ग्रॅम लागतो. आठ मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल तलावात ५० हजार लिटर पाणी मावते. त्याचा कठीणपणा १०० वरून २०० वर न्यायचा तर पहिला प्रकार साडेपाच किलो, दुसरा सुमारे साडेसात किलो घ्यावा लागेल. पिशवीवरील प्रकार व शुद्धता वाचूनच हिशेब करावा.

कसे घालावे?

प्रथम पाण्याची क्षारता व सामू (७.२ ते ७.८) योग्य करून घ्यावा. नंतर प्लास्टिकच्या बादलीत पाणी घेऊन त्यात थोडे थोडे कॅल्शियम क्लोराइड टाकावे. भुकटीवर पाणी कधीही ओतू नये. विरघळताना ते बरेच तापते, त्यामुळे हातमोजे व चष्मा वापरावा. द्रावण थंड झाल्यावर पंप सुरू ठेवून तलावाच्या कडेने ओतावे. आवश्यक मात्रेपैकी निम्मीच एका दिवशी घालावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी करावी. खाण्याचा किंवा धुण्याचा सोडा त्याच वेळी घातल्यास पाणी दुधाळ होते.

वणीजवळच्या राजूरच्या भट्ट्यांमुळे चुना या भागात सहज मिळतो; पण तो येथे पर्याय नाही. चुन्याने सामू एकदम वाढतो आणि पाणी गढूळ होते.

जास्त झाल्यास

विदर्भाच्या उन्हाळ्यात पाणी उडून जाते, कॅल्शियम मात्र मागेच राहते. बोअरच्या जड पाण्याने रोजची घट भरून काढली, तर कठीणपणा आपोआप चढत जातो. ब्लीचिंग पावडरनेही कॅल्शियमची भर पडते. म्हणून २०० ते २५० च्या आसपास थांबणे शहाणपणाचे. मात्रा प्रमाणाबाहेर गेली की घरगुती तलावात व्यवहार्य उपाय एकच : काही पाणी काढून नवे भरणे. २०१८ च्या उन्हाळ्यातील पाणीटंचाई अनुभवलेल्या यवतमाळकरांना ही उधळपट्टी परवडणारी नाही. काढलेले पाणी बागेला देतानाही क्लोरीन आणि क्षारांचा विचार करावा.

मऊ पाण्याचा इशारा

पांढरकवडा, झरी जामणी परिसरातील काही भूजलात फ्लोराइड अधिक आढळते. कॅल्शियम फ्लोराइड पाण्यात फार कमी विरघळते. त्यामुळे जेथे कॅल्शियम भरपूर, तेथे फ्लोराइडला सहसा आळा बसतो आणि जेथे ते कमी, तेथे फ्लोराइड वाढू शकते. म्हणूनच बोअरचे पाणी अनपेक्षितपणे मऊ आढळल्यास त्याची फ्लोराइड तपासणी प्रयोगशाळेत अवश्य करून घ्यावी. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड प्रतिलिटर १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोत नसल्यास कमाल मर्यादा १.५ आहे. तलावात कॅल्शियम घातल्याने ते पाणी पिण्यायोग्य होत नाही. त्याच बोअरचे पाणी घरात पिण्यासाठी वापरले जात असेल, तर तलावाच्या सांध्यांआधी मुलांच्या दातांची व हाडांची काळजी करावी.