ठाऊक असलेला शेवट

पुण्याहून नगरच्या रस्त्यानें निघून लोणीकंदाजवळ आंत वळलें म्हणजे थोड्याच वेळांत तुळापूर लागतें. भीमा, भामा आणि इंद्रायणी या नद्यांचें पाणी तेथें एकत्र येतें. संगमावर संगमेश्वराचें जुनें देऊळ आहे आणि जवळच छत्रपति संभाजी महाराजांचें स्मारक आहे. ११ मार्च १६८९ या दिवशीं, फाल्गुनी अमावास्येला, औरंगजेबाच्या आज्ञेनें महाराजांचा व त्यांचे स्नेही कवि कलश यांचा वध झाला, तो याच परिसरांत. थोड्या अंतरावर वढू बुद्रुक येथें महाराजांची समाधि आहे. महाराष्ट्रांत शाळेची पायरी चढलेल्या मुलाला तारीख आठवली नाहीं तरी ही हकीकत ठाऊक असते.

असें असूनहि १६८९ सालीं घडून गेलेल्या या गोष्टीचा शेवट कसा व्हावा याबद्दल महाराष्ट्रांतील घराघरांत २०२० सालच्या फेब्रुवारी महिन्यांत वाद झाला. 'झी मराठी' या दूरचित्रवाणी वाहिनीवर २४ सप्टेंबर २०१७ पासून 'स्वराज्यरक्षक संभाजी' ही मालिका चालूं होती. पुणें जिल्ह्यांतील नारायणगांवचे डॉ. अमोल कोल्हे यांनीं तींत महाराजांची भूमिका केली होती. त्याआधीं दुसऱ्या एका मालिकेंत त्यांनीं शिवाजी महाराजांची भूमिका केलेली असल्यामुळें त्यांचा चेहरा लोकांच्या चांगला परिचयाचा होता. मालिका चालूं असतांनाच, २०१९ सालीं, ते शिरूर मतदारसंघांतून लोकसभेवर निवडून आले. आणि वढू बुद्रुक हें गांव त्याच शिरूर तालुक्यांतलें. सुमारें अडीच वर्षें रात्रीच्या जेवणाच्या वेळीं हा राजा लोकांच्या बैठकीच्या खोलींत येत राहिला. त्याचें बालपण, आग्र्याचा प्रवास, घरांतील कलह, राज्याभिषेक आणि मोहिमा हें सर्व लोकांनीं पाहिलें. पुढें काय यावयाचें तें सर्वांना माहीत होतें.

तो प्रसंग जवळ आला तशी मागणी उठली, कीं महाराजांच्या छळाचीं दृश्यें दाखवूं नयेत. प्रेक्षकांप्रमाणें कांहीं राजकीय पुढारीहि ती बोलूं लागले. लहान मुलें मालिका पाहतात, वृद्ध माणसें पाहतात, तें त्यांना सोसवणार नाहीं, असें एका पक्षाचें म्हणणें. उलट, ज्या यातना महाराजांनीं प्रत्यक्ष सोसल्या त्या नुसत्या पाहण्याचें धैर्यहि आपल्यांत नसावें काय, असें दुसऱ्या पक्षाचें म्हणणें. २९ फेब्रुवारी २०२० रोजीं मालिका संपली. छळाचा बराचसा भाग सूचनेवर सोपविलेला होता. ज्यांना तो नको होता त्यांना हायसें वाटलें. ज्यांना तो हवा होता त्यांना चुटपुट लागून राहिली.

आवडत्या नायकाचा शेवट लोकांना रुचत नाहीं, ही गोष्ट कांहीं नवी नाहीं. इंग्लंडांत १८९३ सालीं कॉनन डॉइल यांनीं आपल्या शेरलॉक होम्स या गुप्तहेराला एका गोष्टींत दरींत लोटून दिलें. त्यावर वाचक इतके रागावले, कीं अखेर १९०३ सालीं लेखकाला तो पुन्हां जिवंत करावा लागला. आपल्याकडेहि १९८८ च्या जुलै महिन्यांत दूरदर्शनवरील 'रामायण' मालिका श्रीरामांच्या राज्याभिषेकानंतर थांबली. तेव्हां उत्तरकांडहि दाखवावें म्हणून जालंधर येथील सफाई कामगारांनीं काम बंद ठेवलें, आणि पुढें त्या भागावर निराळी मालिका निघाली. होम्स हा कल्पनेंतला असल्यामुळें त्याला परत आणतां आलें. रामायणांत पुढचें कांड शिल्लक होतें म्हणून कथा लांबवितां आली. संभाजी महाराजांच्या बाबतींत यांपैकीं एकहि वाट मोकळी नव्हती, आणि तशी मागणीहि कोणीं केली नाहीं. शेवट बदला असें कोणी म्हणाला नाहीं; तो आम्हांला कसा दाखवाल, एवढेंच लोकांनीं विचारलें.

हा प्रश्न आपल्या परंपरेंत फार जुना आहे. युद्ध, राज्यभ्रंश, मरण आणि नगराला पडलेला वेढा या गोष्टी रंगभूमीवर प्रत्यक्ष दाखवूं नयेत, त्या मधल्या प्रवेशांतून कळवाव्या, असा भरताच्या नाट्यशास्त्राचा दंडक आहे. आणि प्रख्यात नायकाचा वध तर तेथेंहि वर्ज्य मानला आहे. भासाच्या 'ऊरुभंगां'त दुर्योधन रंगभूमीवर प्राण सोडतो, पण तो अपवाद होय. ग्रीक नाटककारहि हत्येचा प्रसंग पडद्याआड घडवीत आणि दूताच्या मुखानें तो सांगवीत. मराठी घरांतील व्रतांच्या कहाण्या 'सुफळ संपूर्ण' या शब्दांनीं संपतात, आणि कीर्तनांत आख्यान कितीहि करुण असलें तरी शेवटीं आरती होते. ऐकणाऱ्यानें जड अंतःकरणानें घरीं जाऊं नये, अशी त्यामागची समजूत. २०२० सालीं छळ दाखवूं नका म्हणणाऱ्या प्रेक्षकानें नाट्यशास्त्र वाचलेलें असेल असें नाहीं. पण त्याच्या मागणींत हा जुना संस्कार बोलत होता.

मात्र एवढ्यानें सर्व उलगडा होत नाहीं. कारण याच राजाचा मृत्यु पूर्वींच्या मराठी माणसानें इतक्या कासाविशीनें घेतला नव्हता. त्याचें कारण इतिहासलेखनाच्या इतिहासांत शोधावें लागतें.

संभाजी महाराजांचें जें चित्र एकोणिसाव्या शतकांत रूढ झालें, तें मुख्यतः मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरींतून आलें. ही बखर महाराजांच्या मृत्यूनंतर सुमारें सव्वाशें वर्षांनीं लिहिली गेली. बखरकाराचे पूर्वज बाळाजी आवजी चिटणीस यांना महाराजांनीं कटाच्या आरोपावरून देहान्त शिक्षा दिली होती, ही गोष्टहि लक्षांत ठेवण्यासारखी आहे. या बखरींतून पराक्रमी, पण उतावळा, व्यसनी आणि कलशाच्या आहारीं गेलेला असा राजपुत्र लोकांपुढें उभा राहिला. नाटककारांना असा नायक हवाच असतो. राम गणेश गडकरी यांनीं 'राजसंन्यास' लिहावयास घेतलें. २३ जानेवारी १९१९ रोजीं त्यांचें निधन झालें आणि तें अपुरें राहिलें. विलासांत बुडालेल्या राजाला अखेरच्या घटकेस राजा या पदाचा खरा अर्थ उमगतो, अशी त्याची मांडणी. औंधकरांच्या 'बेबंदशाही'नेंहि पुढील दशकांत त्याच समजुतीवर रंगभूमि गाजविली.

या नाटकांत मृत्यूला एक निश्चित अर्थ होता. आयुष्यभर जो चुकला त्यानें शेवटच्या परीक्षेंत मान झुकविली नाहीं आणि आपलें सर्व उणें भरून काढलें, असा तो अर्थ. मृत्यु म्हणजे प्रायश्चित्त. प्रेक्षक डोळे पुसून उठे. पण त्याच्या मनांतील न्यायाचा तराजू सरळ झालेला असे. दोषी नायकाचा करुण अंत माणूस पाहूं शकतो. दुःखाला कांहीं कारण आहे एवढ्यानेंहि तें हलकें होतें.

हा तराजू ज्या गृहस्थांनीं हालविला ते नाटककार नव्हते. वासुदेव सीताराम बेंद्रे हे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळांत वाढलेले संशोधक. त्यांनीं देशांतील व परदेशांतील कागदपत्रें धुंडाळण्यांत आयुष्यांतील अनेक दशकें घालविलीं आणि १९६० सालीं 'छत्रपती संभाजी महाराज' हा चरित्रग्रंथ प्रसिद्ध केला. उत्तरकालीन बखरीपेक्षां समकालीन पत्रांवर भर दिला तेव्हां निराळाच राजा दिसूं लागला. औरंगजेब प्रचंड सैन्यानिशीं दक्षिणेंत उतरला असतांना आठ वर्षें त्याला हवा तसा विजय मिळूं न देणारा, नाशिककडील रामसेजसारखा किल्ला वर्षानुवर्षें लढता ठेवणारा, जंजिऱ्याच्या सिद्दीशीं आणि गोव्याच्या पोर्तुगीजांशीं एकाच काळांत झुंजणारा, संस्कृत जाणणारा असा तो राजा होता. डॉ. कमल गोखले यांच्या 'शिवपुत्र संभाजी' या प्रबंधानेंहि या शोधाला बळकटी आणली. १६७८ च्या अखेरीस युवराज संभाजी दिलेरखानाला जाऊन मिळाले आणि वर्षभरानें परत आले, ही घटना मात्र या संशोधनानेंहि पुसली नाहीं. पुसण्याचें कारणहि नव्हतें. चूक आणि दुर्गुण या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, एवढें या अभ्यासकांनीं दाखविलें.

अभ्यासिकेंतील हा बदल हळूहळू लोकांपर्यंत पोंचला. वसंत कानेटकरांच्या 'रायगडाला जेव्हां जाग येते' या १९६२ च्या नाटकांत काशिनाथ घाणेकरांनीं उभा केलेला संभाजी हा दुखावलेला पुत्र होता. दुराचारी राजपुत्र नव्हता. त्याच लेखकाच्या 'इथे ओशाळला मृत्यू' या नाटकाच्या नांवांतच बाजू पालटलेली दिसते. येथें लाज वाटते ती मृत्यूला, राजाला नव्हे. १९७९ सालीं शिवाजी सावंत यांची 'छावा' ही कादंबरी आली, आणि हें नवें चित्र वाचनालयांतून गांवोगांव गेलें.

पण याचा एक परिणाम कोणाच्या ध्यानांत आला नव्हता. नायक निर्दोष ठरला तेव्हां त्याच्या मृत्यूचा जुना अर्थहि नाहींसा झाला. ज्याचें पाप नाहीं त्याला प्रायश्चित्त कसलें? उरली ती केवळ यातना, आणि ती सोसणाऱ्याचें धैर्य. दोषी राजाचा अंत जुन्या प्रेक्षकानें पाहून घेतला. निरपराध राजाचा अंत नव्या प्रेक्षकाला पाहवेना. फेब्रुवारी २०२० मधील अस्वस्थतेचें मूळ येथें आहे.

पुण्यानें हें स्थित्यंतर एका कठोर रूपांतहि पाहिलें. ३ जानेवारी २०१७ च्या पहाटेच्या सुमारास जंगली महाराज रस्त्यावरील संभाजी उद्यानांतून गडकऱ्यांचा अर्धपुतळा उखडण्यांत आला आणि मुठेच्या पात्रांत टाकण्यांत आला. 'राजसंन्यासां'तील चित्रणाबद्दलचा तो रोष होता. जो नाटककार १९१९ सालींच निवर्तला, आणि ज्याच्यापुढें बेंद्र्यांचा ग्रंथ नव्हता, त्याला त्या ग्रंथानंतरच्या न्यायानें शिक्षा झाली. विचारी मनाला हें पटण्यासारखें नाहीं. जुन्या चित्रणाचें उत्तर बेंद्र्यांनीं कागदावर दिलें होतें, आणि तेंच टिकाऊ ठरलें. पण लोकांच्या मनांत हा नायक किती खोल गेला आहे याची ती खूण होती. त्याच वर्षीं सप्टेंबरांत मालिका सुरू झाली, ती अशा तापलेल्या जमिनीवर.

मालिका संपल्यानंतर पांच वर्षांनीं या प्रश्नाला उलट उत्तर मिळालें. सावंतांच्या कादंबरीवर आधारलेला 'छावा' हा हिंदी चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ रोजीं प्रदर्शित झाला. जें मालिकेनें बव्हंशीं झांकलें तें त्यानें अखेरच्या भागांत विस्तारानें दाखविलें. चित्रपटगृहांत माणसें रडलीं. कांहीं ठिकाणीं उभें राहून महाराजांची गारद देण्यांत आली. दोन्ही प्रकारांत प्रेक्षकांचें प्रेम तेंच होतें. फरक जागेचा होता. चित्रपटगृहांत माणूस मनाची तयारी करून जातो, तीन तासांनीं बाहेर येतो, आणि त्याच्या भोंवतीं शेंकडों लोक तेंच दुःख वांटून घेत असतात. घरांत मात्र अडीच वर्षें सहवासांत राहिलेलें माणूस जातें, आणि तें चार माणसांच्या निःशब्द खोलींत. घरच्या माणसाच्या यातनांचें दर्शन कोणी मागत नाहीं. मालिकेचा संयम कांहींना भित्रेपणा वाटला. परंतु घरांत बसलेल्या प्रेक्षकाशीं तो अधिक प्रामाणिक होता असें म्हणतां येईल.

तरीहि एक प्रश्न शिल्लक राहतो. ११ मार्च १६८९ हा दिवस शेवट कोणाचा? इतिहास त्या तारखेला थांबला नाहीं. रायगड पडला, महाराणी येसूबाई व बाल शाहू मोगलांच्या कैदेंत गेले. पण राजाराम महाराज जिंजीला पोंचले. तुळापूरजवळच्या बादशाही छावणीवर त्याच सालीं संताजी घोरपड्यांनीं रात्रीं छापा घालून बादशाहाच्या डेऱ्याचे सोन्याचे कळस कापून नेले, असें परंपरा सांगते. राजाराम महाराजांनंतर महाराणी ताराबाईंनीं लढा चालविला. महाराष्ट्र जिंकावयास आलेला औरंगजेब १७०७ सालीं अहमदनगरजवळ निवर्तला, तो दिल्लीला परत न जातांच. त्याच्या मृत्यूनंतर शाहू महाराज सुटून आले.

शोक करणाऱ्या प्रेक्षकाला सांत्वन हवें असेल तर तें या अठरा वर्षांत आहे. कोल्हे यांच्या निर्मितिसंस्थेनें २०२१ सालीं ताराराणींवर निराळी मालिका काढली, तीहि याच वाटेनें. जुन्या काळीं राजाच्या मृत्यूचा अर्थ त्याच्या मागील आयुष्यांत शोधला गेला, आणि तो चुकीचा निघाला. तो अर्थ पुढील अठरा वर्षांत सांपडतो. तुळापुरास तीन नद्यांचें पाणी एकत्र येतें, आणि भीमा तेथून पुढें वाहत जाते.