छोटी लाईन आणि नऊ मिलिमीटरचा रूळ

पांढुर्णा आणि सौंसर २०२३ साली एका नव्या जिल्ह्यात आले. रुळांच्या मापाने मात्र ही दोन गावे कित्येक दशके वेगळी होती. पांढुर्ण्याहून जाते ती नागपूर-इटारसीची ‘बडी लाईन’. तिच्या दोन रुळांतले अंतर १६७६ मिलिमीटर. सौंसर, रामाकोना, लोधीखेडा या गावांना जोडणारी छिंदवाडा-नागपूर लाईन बंगाल-नागपूर रेल्वेची. तिचे माप अवघे ७६२ मिलिमीटर, म्हणून ती आपली ‘छोटी लाईन’. २०१५ साली रुंदीकरणासाठी ती बंद झाली आणि पुढे तिथेही ब्रॉडगेज आली. सोय झाली, यात शंका नाही. पण एक सबंध जग रुळांबरोबर उचलले गेले.

ते जग पुन्हा उभे करण्याचा एक मार्ग म्हणजे सुटे भाग जुळवून केलेले वाफेच्या इंजिनाचे मॉडेल. या छंदाला मोठा इतिहास आहे. जर्मनीच्या मार्क्लिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत खेळण्यातल्या रुळांची ठरावीक मापे मांडली, आणि आगगाडीचे खेळणे घरोघरी वाढवत नेता येऊ लागले. पुढे ‘एचओ’ हे १:८७ चे प्रमाण सर्वाधिक रूढ झाले. यात एक फूट म्हणजे साडेतीन मिलिमीटर. सहा फुटी ड्रायव्हर २१ मिलिमीटरचा होतो. आपल्याकडे भाऊ जोशी यांनी या वेडाला संग्रहालयाचे रूप दिले. पुण्यात कोथरूडला त्यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोक पाहत आहेत.

सुट्या भागांच्या संचात आम्लाने कोरलेला पितळी पत्रा असतो. त्यातून भाग सोडवायचे, कानशीने कडा साफ करायच्या, रेषेवर दुमडायचे आणि डाख देऊन जोडायचे. रिव्हेट मागून टोचून उठवायचे. मग येते खरे काम: शिट्टी, वाफेचा घुमट, हातधरणी, नंबराची पाटी आणि कोळशाच्या धुराने आलेला काळपटपणा. हे तपशील पुस्तकात क्वचितच मिळतात. ते मिळतात जुन्या फोटोंत आणि इंजिनावर काम केलेल्या माणसांच्या आठवणीत.

आता आपल्या भागाची गंमत पाहा. एचओचा बाजारात मिळणारा रूळ १६.५ मिलिमीटरचा, म्हणजे युरोपातल्या १४३५ मिलिमीटरच्या लाईनचे माप. पांढुर्ण्याच्या मोठ्या लाईनला त्याच प्रमाणात १९ मिलिमीटरहून थोडा जास्त रूळ हवा. त्यामुळे तयार रुळावर बसवलेले आपले ब्रॉडगेज इंजिन पाय आखडून उभे असल्यासारखे दिसते. छोट्या लाईनचे ७६२ मिलिमीटर मात्र १:८७ मध्ये ८.७६ होतात, आणि नऊ मिलिमीटरचा रूळ बाजारात सहज मिळतो. जी लाईन मागासलेली म्हणून उखडली गेली, तीच लहान प्रमाणात सर्वांत खरी उतरू शकते!

नमुना पाहायला फार लांब जायला नको. नागपूरच्या मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय आहे. तिथे वाफेची इंजिने उभी आहेत. बंगाल-नागपूर रेल्वेच्या नॅरोगेजवर धावलेली ‘सीसी’ वर्गाची इंजिने ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीने बांधली होती. पुढे चार लहान चाके, मध्ये सहा मोठी, मागे दोन. टेप घेऊन गेले तर मापे मिळतील.

इंजिन लोखंडाचे, ते टिकेल. पण शिट्टीची दोरी कोणत्या बाजूला, पाण्याला गाडी कुठे थांबे, डब्यांचा रंग कसा, हे सांगणारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत. गणपतीपुढे हलते देखावे करणारे हात आपल्याकडे आहेत: सुतार, सोनार, वायरमन, चित्रकार. पुढच्या वर्षी बाप्पासमोर सौंसर स्टेशनात छोटी गाडी शिरताना दिसावी, असे आम्हाला वाटते. त्यासाठी पत्रा कापण्याआधी वही घेऊन घराघरांतल्या वडीलधाऱ्यांकडे जायला हवे.